मूल शाळेत येत नाही? मग शाळाच त्याच्या अंगणात न्या! पालघरच्या मातीत अंगणवाडी रुजवणाऱ्या ताराबाई मोडक

जून उजाडला की आपल्या फीडवर ठरलेले फोटो यायला लागतात. रांगेत उभी असलेली मुलं, प्रत्येकाच्या हातात नवंकोरं दप्तर आणि मागे देणाऱ्या मंडळाचा बॅनर. खाली मजकूर असतो, वर्षाला इतके इतके रुपये द्या आणि एका गरीब मुलाचं शिक्षण स्पॉन्सर करा.

सफाळ्यापासून तलासरीपर्यंत पालघर जिल्ह्यातल्या पाड्यांवर असे कार्यक्रम नवे नाहीत. मुंबई जवळ आहे. सकाळी निघालं की वह्या वाटून संध्याकाळी घरी परतता येतं.

देणाऱ्यांच्या नियतीवर शंका घ्यायचं कारण नाही. पण त्याच पाड्यांवर दिवाळीनंतर चक्कर मारली तर चित्र वेगळं दिसतं. कितीतरी घरांना कुलूप असतं, कारण अख्खं कुटुंब वीटभट्टीवर कामाला गेलेलं असतं. मुलंही सोबत गेलेली असतात. जी मागे राहतात त्यातली एखादी आठ-नऊ वर्षांची पोर धाकट्या भावाला कडेवर घेऊन दारात उभी असते. दप्तर घरात खुंटीला असतं.

फी नाही, वह्या फुकट, पुस्तकं फुकट. तरी मूल शाळेत का नाही?

हाच प्रश्न साधारण ८० वर्षांपूर्वी याच पट्ट्यात एका बाईंना पडला होता. त्यांनी शोधलेलं उत्तर पुढे देशभर पोहोचलं. तुमच्या गावात, वॉर्डात जी अंगणवाडी आहे तिचं मूळ त्या उत्तरात आहे. त्या बाईंचं नाव ताराबाई मोडक.

आधी ताराबाई कोण होत्या ते बघू

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा. माहेरचं आडनाव केळकर. घर प्रार्थना समाजाच्या विचारांचं. मुलींना शिकवावं की नाही, यावर बाकीच्या घरांमध्ये वाद चालू असताना या घरात तो प्रश्नच नव्हता. १९१४ मध्ये ताराबाई मुंबई विद्यापीठातून बी.ए. झाल्या. त्या काळात बी.ए. झालेल्या बायका बोटांवर मोजता येतील इतक्याच होत्या.

पुढे कृष्णाजी वामन मोडक या अमरावतीच्या वकिलांशी त्यांचं लग्न झालं. मुलगी झाली, पण संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास त्या वेगळ्या झाल्या. आज सिंगल मदर म्हटलं तरी भुवया उंचावणारे लोक आहेत. १०० वर्षांपूर्वी काय परिस्थिती असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

ताराबाईंनी मुलीला घेतलं आणि राजकोट गाठलं. तिथल्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजमध्ये शिक्षिका घडवल्या जात. या कॉलेजच्या त्या प्राचार्य झाल्या आणि या पदावर बसणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या. पगार होता, मान होता. कोणीही इथे थांबलं असतं.

पण तेव्हा भावनगरला एक वेगळाच प्रयोग चालू होता. गिजुभाई बधेका नावाच्या माणसाने चांगली चालणारी वकिली सोडून लहान मुलांसाठी बालमंदिर काढलं होतं. तिथे छडी नव्हती, घोकंपट्टी नव्हती. मुलं खेळत, गोष्टी ऐकत, स्वतःच्या हाताने वस्तू हाताळत शिकत. १९२३ मध्ये ताराबाईंनी प्राचार्यपद सोडलं आणि त्या गिजुभाईंसोबत काम करायला भावनगरला गेल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. पुढे ताराबाईंनी शिक्षणपत्रिका मराठीतून चालवली आणि लहान मुलांशी कसं वागावं हे मराठी पालकांना महिन्यामागून महिने समजावून सांगितलं.

१९३६ मध्ये त्या मुंबईत आल्या आणि दादरला शिशुविहार सुरू झालं. मुलांसाठी बालमंदिर आणि सोबत बालशिक्षिका तयार करण्याची सोय. दादरच्या शिकलेल्या मध्यमवर्गाने हे काम उचलून धरलं.

मग अडलं कुठे?

ताराबाई आणि गिजुभाई ज्या पद्धतीवर काम करत होते ती मुळात इटलीच्या डॉ. मारिया माँटेसरी यांची. आता यातली गंमत बघा. माँटेसरींनी आपली पहिली शाळा १९०७ मध्ये रोममधल्या सॅन लॉरेंझो या गरीब कामगार वस्तीत सुरू केली होती. आईबाप दिवसभर कामाला जायचे आणि मुलं जिन्यात, रस्त्यावर हुंदडायची. त्या मुलांसाठी ही शाळा होती.

ही पद्धत भारतात आली तेव्हा मात्र तिची साधनं महाग पडायला लागली. लाकडाचे ठरावीक मापाचे ठोकळे, मण्यांच्या माळा, घोटीव अक्षरं, स्वतंत्र खोल्या, प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षिका. खर्च वाढला की फी वाढते. गरीब वस्तीत जन्मलेली पद्धत आपल्याकडे येईपर्यंत पैसेवाल्यांच्या मुलांची झाली. आजही शहरात माँटेसरीची पाटी दिसली की फीचा आकडा ऐकायच्या आधीच आपण खिसा चाचपतो.

गांधीजींनी १९३१ मध्ये लंडनला माँटेसरींच्या प्रशिक्षण केंद्राला भेट दिली होती. हे शिक्षण भारतातल्या गरिबांच्या मुलांना कधी मिळणार, हा त्यांच्या मनातला मुद्दा होता. १९३७ मध्ये वर्ध्याला नई तालीमची मांडणी झाली तेव्हा हाच मुद्दा पुन्हा समोर आला. शाळेचा खर्च गावाला झेपला पाहिजे आणि शिक्षण गावाच्या जगण्यातून आलं पाहिजे. ताराबाईंवर या विचाराचा खोल परिणाम झाला.

दादरमधलं काम चांगलं चाललं होतं. पण ज्या मुलांना त्याची सगळ्यात जास्त गरज होती ती मुलं दादरमध्ये नव्हती.

१९४५ : वय ५३ आणि मुक्काम बोर्डी

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. सफाळ्याहून डहाणू लोकल पकडली की केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव करत गाडी डहाणू रोडला येऊन थांबते. तिथून पुढचं स्टेशन घोलवड. घोलवडला लागून समुद्राच्या काठावर बोर्डी गाव आहे. सुरूची झाडं, चिकूच्या वाड्या आणि पुढे लगेच गुजरातची हद्द.

१९४५ च्या अखेरीस ताराबाईंनी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. तेव्हा हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यात होता, कारण पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला.

ही वेळ कशी होती तेही लक्षात घ्यायला हवं. डहाणू-तलासरीच्या जंगलपट्टीत वारली आदिवासी जमीनदारांच्या वेठबिगारीखाली भरडले जात होते. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली त्याच वर्षी वारल्यांचा उठाव पेटला. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जणांचा जीव गेला. त्यानंतर जेमतेम दोन-अडीच महिन्यांत, त्याच पट्ट्यात, ताराबाई अडीच ते सहा वर्षांच्या मुलांसाठी बालवाडी उघडत होत्या.

बोर्डी मात्र शिक्षणाच्या बाबतीत मागास गाव नव्हतं. गोखले एज्युकेशन सोसायटीचं हायस्कूल तिथे होतं. आचार्य भिसे यांच्यासारखे शिक्षक तिथे आयुष्य वेचत होते. ही शाळा आजही सुनाबाई पेस्तनजी हकीमजी या पारशी नावाने ओळखली जाते. थोडक्यात, शाळेला हातभार लावणारे लोक होते, इमारत होती, शिक्षकही होते. तरीही गावाच्या कडेला असलेल्या वस्त्यांमधली मुलं शाळेच्या आसपास फिरकत नव्हती.

याच वेळी ताराबाईंना एक सहकारी मिळाल्या, अनुताई वाघ. त्यांचं आयुष्य ऐकलं की अंगावर काटा येतो. १९१० चा जन्म, तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. त्यांनी शिक्षण घेतलं आणि त्या शिक्षिका झाल्या. कस्तुरबा गांधींच्या निधनानंतर देशभरातून निधी जमला होता आणि त्यातून गावातल्या स्त्रिया व मुलांसाठी कस्तुरबा ट्रस्ट उभा राहिला होता. या ट्रस्टचं एक शिबिर बोरिवलीला झालं. तिथे अनुताईंची ताराबाईंशी ओळख झाली आणि त्या बोर्डीला आल्या त्या कायमच्याच.

बालवाडी उघडली, पण मुलं?

बोर्डीतली बालवाडी सुरू झाली. गावातल्या बऱ्या घरांतली मुलं यायला लागली. पण दलित आणि आदिवासी वस्तीतली मुलं येईनात.

आपण असतो तर काय केलं असतं? आईबापांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही असं म्हणून मोकळे झालो असतो. किंवा कपडे आणि वह्या वाटल्या असत्या.

ताराबाई आणि अनुताई वस्तीत जाऊन बघायला लागल्या. आई पहाटेच मजुरीला गेलेली. मुलांना उठवणार कोण, न्हाऊ घालणार कोण, शाळेपर्यंत सोडणार कोण? अंगावर धड कपडा नाही, केस विंचरलेले नाहीत. असं मूल गावातल्या स्वच्छ मुलांशेजारी जाऊन बसायला स्वतःच बिचकायचं. त्यात शिवाशिव होतीच. वस्तीपासून बालवाडीपर्यंतचं अंतर पावलांत मोजलं तर थोडंसं. पण त्या मुलाच्या दृष्टीने ते ओलांडता येण्यासारखं नव्हतं.

मग त्यांनी साधी गोष्ट केली. मूल येत नसेल तर आपण जायचं.

वस्तीतल्याच एखाद्या घराचं अंगण झाडून घ्यायचं, तिथेच मुलांना जमवायचं. आधी हातपाय-तोंड धुवायचं, नखं कापायची, केस विंचरायचे. मग गाणी, गोष्टी, खेळ. आजूबाजूच्या बायका येता-जाता बघायच्या. आपलं पोर काय करतंय हे त्यांना दिसायचं. शाळा म्हणजे आपल्यासाठी नसलेली जागा, ही भीती हळूहळू कमी व्हायला लागली.

अंगणात भरणारी बालवाडी म्हणून अंगणवाडी. हा शब्द आणि ही कल्पना बोर्डीतल्या या कामातून आकाराला आली.

महागड्या साधनांचं काय केलं?

रोमहून आलेले ठोकळे या अंगणात परवडणार नव्हतेच. मग बोर्डीत जे फुकट मिळतं त्यातूनच साधनं तयार झाली. मोजायला चिंचोके. लहान-मोठं ओळखायला समुद्रावरचे शंख-शिंपले. रंग आणि आकार शिकायला पानं, फुलं, बिया. बोटांना वळण लावायला माती. गाणी आणि गोष्टीही मुलांच्या रोजच्या जगातल्या.

याने दोन गोष्टी झाल्या. खर्च जवळपास शून्यावर आला. आणि शिकायच्या वस्तू मुलाच्या ओळखीच्याच असल्यामुळे ते बिचकेनासं झालं. चिंचोका हातात घेऊन मोजायला वारल्याच्या पोराला कोणी शिकवावं लागत नव्हतं, त्याला फक्त आकड्याचं नाव सांगायचं होतं.

माँटेसरींचा मूळ विचार ताराबाईंनी सोडला नाही. मूल स्वतःच्या हातांनी आणि स्वतःच्या गतीने शिकतं, हे त्यांनी पक्कं धरून ठेवलं. टाकून दिली ती फक्त त्याची महागडी पॅकिंग.

कोसबाडची टेकडी आणि कुरणात भरणारी शाळा

१९५७ च्या सुमारास हे काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडला हललं. टेकडीवरचं गाव, आजूबाजूला वारल्यांचे पाडे. तेव्हा ताराबाई ६५ वर्षांच्या होत्या. १९४६ ते १९५१ या काळात त्या मुंबई विधानसभेच्या सदस्यही राहिल्या होत्या. या वयात लोक निवृत्तीची भाषा बोलतात. त्यांनी टेकडीवर नवा डाव मांडला.

कोसबाडला प्रश्न आणखी अवघड होता. इथली सहा वर्षांच्या पुढची मुलं रिकामी नव्हती, ती कामावर होती. मुलगे गुरं राखायला रानात जायचे आणि मुली धाकट्या भावंडांना सांभाळायच्या. या मुलांना शाळेत आणायचं म्हणजे घरातला एक हात कमी करायचा. पोटाला चिमटा बसत असेल तर कोणता बाप हे करेल?

त्यावर इथे दोन उपाय निघाले.

पहिला म्हणजे कुरणशाळा. गुरं जिथे चरतात तिथेच शिक्षक साधनं घेऊन जायचा. गुरं चरत राहायची आणि त्यांना राखणारी पोरं झाडाखाली बसून अक्षरं गिरवायची. घरचं कामही बुडत नाही आणि शाळाही बुडत नाही.

दुसरा म्हणजे विकासवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा हे तिन्ही एकाच आवारात. आठ वर्षांची मुलगी शाळेत येताना कडेवरच्या भावाला घेऊन यायची. तान्हं असेल तर पाळणाघरात, चालतं-बोलतं असेल तर बालवाडीत. भाऊ सुरक्षित आणि ताई वर्गात. त्या मुलीला शाळेपासून अडवत होतं ते कडेवरचं बाळ. विकासवाडीने आधी तेच खाली उतरवून घेतलं.

आजही मुलींची गळती का होते, यावर मोठमोठे अहवाल निघतात. कोसबाडच्या टेकडीवर त्यातलं एक कारण फार आधी ओळखलं गेलं होतं आणि त्यावरचा उपाय रोज सकाळी चालूही होता.

ताराबाई गेल्या आणि दोन वर्षांनी...

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाला. ३१ ऑगस्ट १९७३ ला त्यांचं निधन झालं.

त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली. देशभरातल्या ३३ प्रकल्पांपासून सुरुवात झाली. शून्य ते सहा वयाच्या मुलांसाठी पोषण आहार, लसीकरणाला मदत, आरोग्य तपासणी आणि शाळेच्या आधीचं शिक्षण, सगळं वस्तीतच. त्या केंद्राला नाव मिळालं अंगणवाडी. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. नाव मराठी आणि त्यामागची कल्पना पालघरच्या किनाऱ्यावरची.

अनुताईंनी कोसबाडचं काम पुढे चालू ठेवलं. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९९२ मध्ये त्या गेल्या.

मग आपण मुलं स्पॉन्सर करायची की नाही?

जरूर करा. ताराबाईंच्या संस्थाही आकाशातून पैसा पडून चालत नव्हत्या. देणग्या आणि अनुदानं नसती तर यातलं काहीच उभं राहिलं नसतं. पण त्यांच्या आयुष्याकडे बघितलं की पैसे देण्याआधी विचारायचे काही प्रश्न आपोआप सापडतात.

एक, मूल शाळेत का येत नाही हे कोणी वस्तीत जाऊन बघितलंय का? अडचण भावंडाची असेल तर दप्तराने ती सुटत नाही. तिथे पाळणाघर लागतं. अडचण वीटभट्टीची असेल तर भट्टीजवळ शिकवणारं माणूस लागतं, किंवा मुलांना गावात ठेवून घेणारं वसतिगृह.

दोन, मदत कोणत्या वयापासून सुरू होते? शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयोगटाला मोफत शिक्षणाचा हक्क देतो. स्पॉन्सर करणाऱ्या बहुतेक योजनाही पहिलीपासूनच सुरू होतात. पण ताराबाईंचं मुख्य काम त्याच्या आधीच्या वर्षांत आहे. ज्या मुलाने सहा वर्षांपर्यंत ना गोष्ट ऐकली ना चित्र पाहिलं, ते पहिलीत बसतं तेव्हाच मागे पडलेलं असतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन वर्षांपासूनच्या शिक्षणाला पायाभूत टप्प्यात धरलंय. ताराबाई हे १९२३ पासून करत होत्या.

तीन, पैसा वस्तूवर जातो की माणसावर? दप्तराचा फोटो निघतो. रोज सकाळी मुलाचे हातपाय धुऊन त्याला गोष्ट सांगणाऱ्या बाईचा फोटो सहसा कोणी टाकत नाही. बोर्डी आणि कोसबाडच्या कामात साधनं चिंचोक्यांची होती, पण माणसं आयुष्यभर टिकणारी होती. स्वस्त झाली ती साधनं. शिकवणाऱ्यांना स्वस्त समजून चालणार नव्हतं.

आणि नेमकं इथेच आपण गडबड केली. अंगणवाडी सेविकेला आजही पगार नाही, मानधन मिळतं. तिला नियमित सरकारी कर्मचाऱ्याचा दर्जा नाही. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या आणि हा संप ५० हून जास्त दिवस चालला. त्या काळात अंगणवाड्यांना कुलपं होती. आपल्यापैकी कितीजणांच्या फीडवर ती बातमी आली होती?

ताराबाईंनी एका अंगणातून दाखवून दिलं की सगळ्यात गरीब मुलासाठीही चांगलं शिक्षण परवडतं. त्यासाठी कोणीतरी रोज त्याच्या दारापर्यंत जावं लागतं, एवढीच अट आहे.

पुढच्या जूनमध्ये दप्तरं घेऊन सफाळ्याच्या एखाद्या पाड्यावर गेलात, तर तिथल्या अंगणवाडीतही डोकावून या. पत्रे गळतात का, पाणी आहे का, सेविकेला काय हवंय, हे तिला विचारा. जमलं तर त्याच दिवशी लोकलने पुढे डहाणूला जा आणि तिथून कोसबाडची टेकडी चढून या. खुंटीवरचं दप्तर खाली कसं येतं, याचं उत्तर तिथे शोधलं गेलं होतं.